मॉडेल मोटारींवरील मेटॅलिक रंग : प्रमाण, थर आणि प्रकाश

मोटारीचा मेटॅलिक रंग म्हणजे पारदर्शक रंगात विखुरलेले ॲल्युमिनियमचे चपटे, सूक्ष्म कण. रंगाच्या धंद्यात त्यांना फ्लेक म्हणतात. रंगाचा थर वाळताना आकसतो आणि फ्लेक पृष्ठभागाला समांतर आडवे पडतात. आडवा पडलेला प्रत्येक फ्लेक आरशाचे काम करतो. परतणारा प्रकाश ज्या दिशेला जातो तिथून पाहणाऱ्याला रंग उजळ दिसतो. बाजूला सरकताच तोच रंग काळवंडतो. या बदलाला फ्लॉप म्हणतात. बॉनेटच्या फुगवट्यावरचा उजळ पट्टा, दाराच्या खालच्या वळणावरची गडद झाक आणि या दोहोंमधला सलग उतार ही मेटॅलिक रंगाची खरी ओळख आहे. उन्हात लुकलुकणारे ठिपके त्यामानाने दुय्यम ठरतात.

प्रमाणबद्ध मॉडेलवर हा परिणाम साधताना बहुतेक चुका याच क्रमाच्या उलटापालटीतून होतात. ठिपक्यांची चमचम मिळवण्याच्या नादात प्रकाशाचा उतार हरवतो आणि मोटार खेळण्यासारखी दिसू लागते. फ्लेकची निवड, अस्तर, फवारणी, क्लिअर (वरचा रंगहीन थर) आणि पॉलिश या सगळ्या पायऱ्यांची कसोटी एकच आहे: फ्लेक प्रमाणाला शोभेल इतका बारीक आहे का, आणि तो आडवा पडला आहे का?

खऱ्या मोटारीवरील थर

१९२० आणि १९३० च्या दशकांत काही महागड्या मोटारींना माशांच्या खवल्यांपासून काढलेल्या द्रव्याने मोतिया झळाळी दिली जात असे. ॲल्युमिनियमच्या फ्लेकचे रंग दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वसामान्य मोटारींवर रुळले. पुढे रंग आणि चमक यांची दोन थरांत विभागणी झाली. खाली मेटॅलिक बेसकोट आणि वर रंगहीन क्लिअरकोट अशी ही रचना आजही चालते. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर गंजरोधक थर, प्रायमर, बेसकोट आणि क्लिअर मिळून साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, इतका रंग असतो. त्यात बेसकोट १२ ते २० मायक्रॉनचा आणि क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो.

फ्लेक मुख्यतः दोन पद्धतींनी तयार होतात. पहिलीत ॲल्युमिनियमची भुकटी द्रावकात भिजवून पोलादी गोळ्यांच्या गिरणीत चेपतात. त्यातून वेड्यावाकड्या कडांचे किंवा अधिक काळजीने केल्यास गोल व गुळगुळीत कडांचे फ्लेक मिळतात. गोल कडांचे फ्लेक प्रकाश कमी विखुरतात, त्यामुळे ते अधिक उजळ दिसतात. दुसऱ्या पद्धतीत निर्वात कक्षात प्लॅस्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर चढवून तो खरवडून काढतात. या फ्लेकची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजतात. आरशासारखे क्रोम रंग याच फ्लेकवर उभे आहेत.

आणखी एक भेद मॉडेलकारांच्या थेट उपयोगाचा आहे. काही फ्लेकवर स्टिअरिक आम्लाचा लेप असतो. असे फ्लेक ओल्या थरातून वर तरंगतात आणि पृष्ठभागावर चकचकीत पडदा तयार करतात. हा पडदा बोटाला लागतो आणि त्यावर क्लिअर मारताच त्याची चमक उतरते. मोटारीच्या बेसकोटमधले फ्लेक या उलट थरभर पसरून राहतात. त्यांच्यावर क्लिअर नीट बसते. काही चंदेरी रंग क्लिअरखाली एकाएकी राखाडी का पडतात, याचे उत्तर अनेकदा या भेदात सापडते.

प्रमाणाचा पेच

मोटारीच्या रंगातील फ्लेक साधारण १० ते ३५ मायक्रॉन रुंद असतात. त्यातला २० मायक्रॉनचा फ्लेक १/२४ प्रमाणाच्या मॉडेलवर आला की तो खऱ्या मोटारीवरील जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या फ्लेकइतका ठरतो. १/४३ प्रमाणात हीच रुंदी ०.८६ मिलिमीटर आणि १/६४ मध्ये १.२८ मिलिमीटर होते. मोटारदुरुस्तीच्या दुकानातून अचूक कोडनुसार कालवून आणलेला रंगही मॉडेलवर भरड दिसतो, तो यामुळे. रंगछटा जुळलेली असते, पण फ्लेकचे माप जुळत नाही.

यावर फ्लेक २४ पटींनी लहान करावेत, हा उपाय सरळ वाटतो. पण भौतिकशास्त्र आड येते. २० मायक्रॉनला २४ ने भागले की ०.८३ मायक्रॉन उरतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन आहे. तरंगलांबीच्या इतका जवळ गेलेला कण प्रकाश आरशासारखा परतवत नाही, तो चहूकडे विखुरतो. शिवाय फ्लेक जितका लहान, तितका त्याच्या कडांचा वाटा मोठा, आणि कडाही प्रकाश विखुरतातच. परिणामी अतिबारीक फ्लेकचा रंग झाकण्याची ताकद वाढवतो, पण राखाडी पडतो आणि त्याचा फ्लॉप नाहीसा होतो. मॉडेलवरचा चांगला मेटॅलिक रंग ही दोन टोकांमधली तडजोड असते: ठिपके सुटे दिसू नयेत इतका फ्लेक बारीक हवा आणि प्रकाशाचा उतार टिकावा इतका मोठा हवा.

पाहण्याचे अंतरही हिशेबात घ्यावे लागते. १/२४ चे मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरी मोटार ७.२ मीटरवरून पाहणे. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या मोटारीकडे ढगाळ प्रकाशात पाहिले, तर फ्लेक वेगळे दिसत नाहीत, नुसती रेशमी झळाळी दिसते. थेट उन्हात काही बिंदू लुकलुकतात, इतकेच. मॉडेलनेही सामान्य प्रकाशात तेवढेच दाखवावे. मॅक्रो छायाचित्रण मात्र डोळ्यापेक्षा कठोर असते. छायाचित्रासाठी केलेल्या मॉडेलला आणखी बारीक फ्लेक लागतो.

थराच्या जाडीचेही हेच गणित आहे. खऱ्या मोटारीवरील १०० मायक्रॉन १/२४ प्रमाणात जेमतेम ४ मायक्रॉन भरतात. इतका पातळ रंग मॉडेलवर देणे शक्य नाही. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून मॉडेलवर सहज १०० मायक्रॉनचा थर जमतो आणि प्रमाणाने तो २.४ मिलिमीटर होतो. दारांच्या फटी बुजतात, कडा गोलावतात, बोधचिन्हे पुसट होतात. म्हणून प्रत्येक हात शक्य तितका पातळ देणे हा या कामाचा पाया आहे.

या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील कस्टम मोटारींवर मेटलफ्लेक नावाचे ठसठशीत रंग आले. त्यांतले फ्लेक ०.१ ते ०.४ मिलिमीटर रुंद असत. ०.४ मिलिमीटरला २५ ने भागले की १६ मायक्रॉन येतात, म्हणजे साध्या मेटॅलिक रंगातील फ्लेकचे माप. अमेरिकी मॉडेलांच्या रूढ १/२५ प्रमाणात अशी कस्टम मोटार रंगवताना जो भरड रंग एरवी चुकीचा ठरतो, तोच अचूक ठरतो. या उलट १९५४-५५ च्या मर्सिडीज डब्ल्यू १९६ या चंदेरी शर्यतीच्या मोटारीला शांत, बारीक दाण्याची चांदीच शोभते. मूळ मोटार कोणत्या काळातली आहे, हे फ्लेक निवडण्याआधी पाहावे लागते.

कोणता रंग घ्यावा

उपलब्ध रंगांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला गट मॉडेलसाठीच बनवलेल्या लॅकर रंगांचा. जपानच्या तामिया कंपनीचे टीएस मालिकेतील स्प्रे कॅन आणि एलपी मालिकेतील बाटल्या, तसेच जीएसआय क्रिओस कंपनीची मिस्टर कलर मालिका या गटात येतात. फ्लेक तुलनेने बारीक, सुकण्याचा वेग चांगला आणि थर कणखर ही त्यांची बलस्थाने. मिस्टर कलरच्या सुपर मेटॅलिक मालिकेचा दाणा विशेष बारीक आहे.

दुसरा गट खऱ्या मोटारींच्या कोडशी जुळवलेल्या बेसकोटचा. ब्रिटनमधील झीरो पेंट्स हे त्यातले परिचित नाव. हे रंग एअरब्रशसाठी आधीच पातळ केलेले असतात. ते मॅट वाळतात आणि क्लिअर दिल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. एखाद्या विशिष्ट कंपनीची, विशिष्ट वर्षाची नेमकी छटा हवी असेल, जसे निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर३४ ची बेसाइड ब्लू, तर या गटाला तोड नाही.

तिसरा गट ॲक्रिलिक आणि इनॅमल रंगांचा. पाण्यावर आधारित ॲक्रिलिकचा वास कमी आणि धोका कमी. चाके, इंजिन, एक्झॉस्ट असे भाग रंगवायला ते उत्तम. बॉडीसाठी मात्र ते कमी वापरले जातात, कारण त्यांचा थर लॅकरइतका कडक होत नाही आणि पॉलिशला दाद देत नाही. इनॅमल हळू वाळते. ओला थर जितका वेळ ओला राहील, तितके फ्लेक हलत राहतात आणि ढगाळ डाग पडण्याची शक्यता वाढते.

भारतात स्प्रे कॅन ज्वलनशील माल म्हणून विमानाच्या साध्या पार्सलने पाठवता येत नाहीत. त्यामुळे अनेकांचा आधार गावातल्या मोटारीच्या रंगाच्या दुकानावर असतो. तिथे बेसकोट कोडनुसार कालवून मिळतो आणि थिनरही मिळते. हा रंग वापरायचा असेल तर कालवताना भरड ॲल्युमिनियम टोनरऐवजी (टोनर म्हणजे कालवणीतला मूळ रंग) बारीक टोनर घालायला सांगावे. छटेत किंचित फरक पडेल, पण दाण्यात होणारा फायदा त्याहून कितीतरी मोठा असतो.

बॉडीची तयारी

चंदेरी रंग खालचा एकही ओरखडा लपवत नाही. फ्लेक ओरखड्याच्या उतारावर तिरके पडतात आणि ती रेघ उजळून दिसते. म्हणून साच्याच्या जोडरेषा, प्लॅस्टिक आकसल्याने पडलेले खळगे आणि पुट्टीच्या कडा आधी पूर्ण घालवाव्या लागतात. फटींचे खाचे रंगाने बुजणार हे गृहीत धरून दार, बॉनेट आणि डिकीच्या रेषा स्क्रायबरने थोड्या खोल करून घेतात. त्यानंतर साबणाच्या पाण्याने बॉडी धुऊन, पूर्ण वाळवून, पुढे तिला उघड्या बोटांनी हात लावत नाहीत.

प्रायमरची कामे तीन. तो रंगाला पकड देतो, दोष उघडे पाडतो आणि तीव्र थिनरपासून पॉलिस्टिरीनचे रक्षण करतो. मोटारीच्या बेसकोटमधले थिनर उघड्या पॉलिस्टिरीनवर पडले तर पृष्ठभागाला बारीक तडे जातात. प्रायमर वाळल्यावर १००० ते २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली हलक्या हाताने घासून तो सपाट करतात. ६०० नंबरच्या कागदाचे ओरखडे साध्या रंगाखाली लपतील, चांदीखाली लपणार नाहीत.

लाल प्लॅस्टिकच्या मॉडेलबाबत विशेष सावध राहावे लागते. प्लॅस्टिकमधला लाल रंग थिनरमध्ये विरघळून वरच्या थरात झिरपतो आणि चंदेरी रंगाला गुलाबी झाक येते. प्रायमरखाली चांदीचा एक बंदिस्त थर दिल्याने झिरप बरीच अडते.

अस्तराचा रंग वरच्या छटेवर परिणाम करतो. मध्यम राखाडी अस्तर बहुतेक मेटॅलिक रंगांना चालते. गडद निळ्या, हिरव्या किंवा करड्या रंगाखाली काळे अस्तर खोली वाढवते. फिक्या सोनेरी आणि शॅम्पेन छटांना पांढरे किंवा फिके राखाडी अस्तर लागते. क्रोमसारख्या आरसा-रंगांना चकचकीत काळे अस्तर अनिवार्य आहे. आरसा-रंगाचा थर इतका पातळ असतो की खालचा पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितकाच आरसा स्वच्छ. अस्तरावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड राहिली तर क्रोमवर ती जशीच्या तशी उमटते.

फवारणी

मेटॅलिक रंगाचे यशापयश फवाऱ्याखालच्या काही सेकंदांत ठरते. थर फार ओला पडला तर फ्लेक त्यात पोहतात, कडांकडे आणि खाचांकडे गोळा होतात आणि ढगाळ पट्टे उमटतात. थर फार कोरडा पडला तर थेंब हवेतच अर्धवट सुकतात, फ्लेक उभे-आडवे अडकतात आणि पृष्ठभाग खरखरीत, राखाडी दिसतो. योग्य हात या दोहोंच्या मधला असतो. फवारा पडल्यावर पृष्ठभाग क्षणभर ओलसर दिसावा आणि काही सेकंदांत त्याची ओल उडावी.

एअरब्रशसाठी ०.३ ते ०.५ मिलिमीटरची नोझल वापरतात. त्याहून लहान नोझल फ्लेकने तुंबते. लॅकर रंग थिनरमध्ये साधारण एकास एक ते एकास दोन या प्रमाणात पातळ करतात. दाब १५ ते २५ पीएसआय आणि अंतर ८ ते १२ सेंटिमीटर ठेवतात. स्प्रे कॅन २० ते २५ सेंटिमीटरवरून चालवतात. कॅन आधी कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवला तर आतला दाब वाढतो आणि थेंब बारीक होतात. उकळते पाणी किंवा विस्तव मात्र कधीही वापरू नये. फ्लेक जड असल्याने तळाला बसतात. बाटली व कॅन भरपूर हलवणे आणि एअरब्रशच्या कपातला रंग अधूनमधून ढवळणे हा इथला अपरिहार्य नेम आहे. ढवळले नाही तर हातागणिक रंग वेगळा निघतो.

कामाचा क्रम असा असतो. पहिला हात धुक्यासारखा, अस्तर दिसत राहील इतका विरळ. तो पुढच्या थरांना पकड देतो. मग दोन ते चार पातळ हात, प्रत्येक हातादरम्यान काही मिनिटांचे अंतर, आणि एअरब्रशची दिशा दर हाताला बदललेली: एकदा लांबीच्या रेषेत, एकदा आडवी. रंग सारखा झाकला गेला की शेवटी एक विरळ हात अधिक अंतरावरून, कमी दाबाने, सगळ्या बॉडीवर सारखा देतात. मोटारदुरुस्तीतले कारागीर याला ड्रॉप कोट म्हणतात. या हाताने फ्लेकची मांडणी एकसारखी होते आणि आधीचे ढगाळ डाग मिटतात. प्रत्येक फवाऱ्याची सुरुवात आणि शेवट बॉडीच्या बाहेर व्हावा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढावा.

मेटॅलिक रंगाची छटा फवाऱ्याच्या कोनानेही बदलते. म्हणून बंपर, आरसे, स्पॉइलर, सुटी दारे हे भाग बॉडीवर जसे बसणार आहेत त्याच दिशेने आणि उतारावर चिकटपट्टीने बसवून, एकाच वेळी, एकाच कालवणीतून रंगवतात. वेगवेगळ्या दिवशी रंगवलेला बंपर एकाच कॅनचा असूनही वेगळा दिसतो, कारण त्यावर फ्लेक वेगळ्या तऱ्हेने पडलेले असतात.

रंगात धुळीचा कण अडकला तर तो घासून काढण्याचा मोह होतो. मेटॅलिक थर घासू नये. वॉटर पेपरने फ्लेक फाटतात, उलटेपालटे होतात आणि तिथे काळपट ठसा उमटतो. क्लिअरखाली तो आणखी ठळक होतो. घासावेच लागले तर तो पूर्ण भाग नजीकच्या फटीपर्यंत पुन्हा रंगवावा.

कॅंडी, पर्ल आणि पारदर्शक थर

कॅंडी रंगात फ्लेक आणि रंग वेगळे होतात. खाली चांदी किंवा सोने, वर पारदर्शक लाल, निळा किंवा हिरवा आणि शेवटी क्लिअर. प्रकाश रंगातून जातो, खालच्या धातूवर आपटतो आणि रंगातून परत येतो. दोनदा गाळला गेल्याने रंगाला विलक्षण खोली येते. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील कस्टम मोटारींवर ही पद्धत गाजली आणि तिचा कॅंडी ॲपल रेड हा लाल रंग जो बेलॉन यांच्या नावाशी जोडला जातो. १९६८ मध्ये आलेल्या पहिल्या हॉट व्हील्स मोटारींचा स्पेक्ट्राफ्लेम रंग याच तत्त्वावर होता. तिथे चकचकीत केलेली धातूची बॉडीच तळचा आरसा झाली होती. १/६४ च्या त्या चिमुकल्या मोटारी आजही जिवंत वाटतात, कारण त्यांच्या झळाळीत मोठा फ्लेक नावालाही नाही.

कॅंडीतली अवघड गोष्ट म्हणजे एकसारखेपणा. पारदर्शक रंगाचा प्रत्येक हात छटा गडद करतो. एका पट्ट्यावर फवारा दोनदा फिरला की तो पट्टा कायमचा गडद राहतो. म्हणून हातांची संख्या मोजून, प्रत्येक भागावर तितकेच हात देतात. तामियाचे क्लिअर रेड, क्लिअर ब्लू असे पारदर्शक रंग यासाठी वापरले जातात. माझदाचा सोल रेड क्रिस्टल हा खऱ्या मोटारीवरील प्रसिद्ध लाल रंगही परावर्तक थरावरच्या पारदर्शक लाल थराने घडतो. मॉडेलवर तो साधायचा तर हीच वाट धरावी लागते.

पर्ल रंगात ॲल्युमिनियमऐवजी टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेला अभ्रक असतो. या लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून विशिष्ट रंग बळावतात, आणि पांढऱ्या मोटारीवर निळसर किंवा सोनेरी झाक उमटते. मॉडेलवर पर्ल पावडर क्लिअरमध्ये अगदी थोडी मिसळून किंवा तयार पर्ल क्लिअर वापरून हा परिणाम मिळतो. पर्लची मात्रा वाढली की प्रमाण बिघडते, म्हणून दोन विरळ हात पुरेसे ठरतात.

रेडिओ नियंत्रित मोटारींच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीवर सगळा क्रम उलटा होतो. रंग आतून देतात, म्हणजे पहिला हातच बाहेरून दिसतो आणि बॉडीचे प्लॅस्टिक क्लिअरचे काम करते. इथे पहिलेच हात पातळ व सारखे द्यावे लागतात. मेटॅलिक रंगामागे काळे किंवा चंदेरी अस्तर दिल्यास रंग भरीव दिसतो.

क्लिअर

क्लिअरने फ्लेकला खोली मिळते आणि पॉलिश करण्यासाठी जाडी मिळते. लॅकर क्लिअर खालचा लॅकर थर पुन्हा मऊ करते. पहिलाच हात ओला पडला तर आडवे पडलेले फ्लेक पुन्हा पोहू लागतात. म्हणून पहिले दोन हात धुक्यासारखे देऊन वाळू द्यावेत आणि मगच ओले हात द्यावेत. वॉटरस्लाइड डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे) असतील तर ते रंगावर लावून, पूर्ण वाळवून, क्लिअरचे सुरुवातीचे हात त्यांच्यावरही विरळच द्यावे लागतात, नाहीतर ते सुरकुततात.

दुसरा पर्याय टू-के क्लिअरचा. हार्डनर मिसळल्यावर रासायनिक क्रियेने कडक होणारे हे क्लिअर एक-दोन हातांतच काचेसारखे चमकते आणि पुढे आकसत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासावाटे गेले तर दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो. योग्य मास्क, बाहेर हवा फेकणारा बूथ आणि हातमोजे यांच्याशिवाय टू-के वापरू नये. लहान मुलांच्या घरात, बंद खोलीत तर ते कदापि वापरू नये. लॅकरच्या वाफाही आरोग्याला घातक आणि पेट घेणाऱ्या असतात. त्यांच्यासाठी सेंद्रिय वाफा अडवणारा कार्बन फिल्टरचा मास्क लागतोच.

घासणे आणि पॉलिश

लॅकर क्लिअर वाळायला किमान एक आठवडा द्यावा. वास येणे थांबले नसेल तर द्रावक अजून आत आहे, आणि तशा थरावर केलेल्या पॉलिशची चमक काही दिवसांनी उतरते. घासणी २००० किंवा ३००० नंबरच्या कागदाने पाण्याखाली सुरू करून क्रमाक्रमाने बारीक करत नेतात. मायक्रो-मेशच्या गाद्या १२००० पर्यंत मिळतात. मग भरड, मध्यम आणि बारीक कंपाउंडने मऊ कापडाने चमक आणतात.

सर्वांत मोठा धोका कडांवर असतो. दाराची कड, चाकांवरची कमान, बॉनेटची धार इथे क्लिअर पातळ असते. तिथे दोन फेऱ्या जास्त झाल्या की क्लिअर संपते आणि फ्लेक उघडे पडतात. सुरुवातीला कडांवर मास्किंग टेप लावून सपाट भाग घासतात आणि कडा अखेरीस नुसत्या कंपाउंडने पुसतात. खऱ्या मोटारीवरही संत्र्याच्या सालीसारखी थोडी खडबड असते. पण ती प्रमाणाने लहान केली तर दिसतच नाही. म्हणून मॉडेलवर पृष्ठभाग खऱ्या मोटारीहून सपाट करावा लागतो.

क्रोम आणि उघडा धातू

रंगलेल्या बॉडीइतकेच लक्ष तिच्यावरच्या उघड्या धातूकडे द्यावे लागते, कारण शेजारी खोटे क्रोम बसले तर चांगला मेटॅलिकही उणा दिसतो. किटमधले क्रोमचे भाग निर्वात पद्धतीने चकचकीत केलेले असतात आणि त्यांची चमक प्रमाणाला सहसा जास्त होते. त्यावर काळसर पातळ वॉश दिल्यास ग्रिलच्या खाचा उठून दिसतात आणि चमक जमिनीवर येते. खिडक्यांभोवतीच्या पट्ट्यांसाठी बेअर-मेटल फॉइल उत्तम. ही पातळ, चिकट पाठीची धातूची पत्री क्लिअरनंतर लावून, नवे पाते घेऊन कडेने कापतात. बारीक अक्षरे आणि बोधचिन्हांसाठी मोलोटोचे लिक्विड क्रोम पेन सोयीचे आहे. ते पक्के वाळायला बरेच दिवस घेते आणि तोवर बोट लागले तर डागाळते. ॲलॉय चाके, एक्झॉस्ट आणि इंजिन यांना वेगवेगळ्या चांद्या द्याव्यात. सगळा धातू एकाच चमकेचा असेल तर डोळा त्याला धातू मानत नाही.

हवामान

लॅकर फवारल्यावर द्रावक झपाट्याने उडते आणि पृष्ठभाग थंड होतो. हवेत दमटपणा असेल तर त्या थंड पृष्ठभागावर दव जमते आणि थर दुधाळ पडतो. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हा दोष नित्याचा असतो. हळू उडणारे थिनर किंवा रिटार्डर मिसळणे, कॉम्प्रेसरच्या नळीवर मॉइश्चर ट्रॅप बसवणे आणि पाऊस थांबून हवा कोरडी होईपर्यंत क्लिअर लांबवणे हे त्यावरचे उपाय. सौम्य दुधाळपणा रिटार्डर मिसळलेल्या विरळ हाताने निवळतो.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अडचण नेमकी उलटी असते. चाळीस अंशांवरच्या कोरड्या हवेत थेंब बॉडीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतात आणि फ्लेक खरखरीत बसतात. तिथे सकाळची वेळ, थोडे जास्त थिनर आणि कमी अंतर कामाला येते. एकाच रंगाची एकच कृती सर्व गावांना आणि सर्व ऋतूंना लागू पडत नाही.

परीक्षा

कोणताही मेटॅलिक रंग बॉडीवर देण्याआधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर तपासण्याची पद्धत मॉडेलकारांत सर्वत्र आहे. चमच्याची बहिर्वक्र पाठ बॉनेटसारखी वळते, म्हणून तिच्यावर फ्लॉप लगेच दिसतो. वेगवेगळे अस्तर, थिनरचे प्रमाण आणि हातांची संख्या चमच्यांवर लिहून ठेवली तर पुढच्या मॉडेलसाठी भरवशाची नोंद तयार होते. चमच्यालाही क्लिअर द्यावे. क्लिअरआधीचा मेटॅलिक रंग फसवा असतो.

तयार मॉडेल दोन प्रकाशांत तपासावे. खिडकीतून येणाऱ्या पसरट उजेडात छतापासून दारापर्यंत उजळ-गडद उतार अखंड दिसला पाहिजे. कुठेही ढग, पट्टा किंवा काळपट ठसा नसावा. एका लहान तीव्र दिव्याखाली थोडे बिंदू लुकलुकले तरी चालतात, पण ते विखुरलेले आणि बारीक हवेत. या दोन्ही कसोट्यांना उतरलेले मॉडेल छायाचित्रात खऱ्या मोटारीपासून वेगळे ओळखणे कठीण जाते. पातळ हात, योग्य फ्लेक, वाळण्यासाठी पुरेसा वेळ आणि कडांची काळजी या चार गोष्टी सांभाळल्या तर साध्या एअरब्रशवर आणि मध्यम किमतीच्या रंगांवरही हे साधते. महाग साहित्य हे काम सोपे करते. या चार गोष्टींची जागा ते घेऊ शकत नाही.